गाडीखालची नळी

रावेरच्या माणसाला केळीचा ट्रक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. घड भरले, वर केळीचीच पाने दाबली, की गाडी बुऱ्हाणपूर ओलांडून असीरगडाच्या चढणीला लागते आणि उत्तरेकडे निघून जाते. परत येताना तीच गाडी पुष्कळदा खताची पोती घेऊन येते. केळीला पोटॅश फार लागते. एखादे पोते फाटते, फळ्यांच्या फटींतून खत खाली सांडते आणि चेसिसच्या लोखंडावर जाऊन बसते. हे पोटॅश म्हणजे मिठाचेच भावंड. पावसाळी हवेत ते ओल धरून बसते आणि लोखंडाला हळूहळू खात राहते. वरून गाडी रंगवलेली, पुढे लिंबू-मिरची, मागे कवितेच्या दोन ओळी. आणि खाली हे चाललेले!

मी मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ट्रकशी माझा संबंध यावा असे माझ्यात काहीच नाही. परंतु माझ्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे अण्णांनी, एक जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्यात माझाही चार आणे हिस्सा होता. ती गाडी विकायची वेळ आली तेव्हा जे घडले, त्याने मला एका प्रश्नात टाकले. दिवाळीच्या गोडधोडात तो प्रश्न वाचकांपुढे ठेवतो आहे, त्याबद्दल राग मानू नये.

झाले असे, की गाडी चढणीवर दम टाकू लागली. सपाटीवर ठीक, घाट आला की बंद. मिस्तरीने पंपातून हवा काढावी, गाडीने चार दिवस बरे चालावे, पुन्हा तेच. अण्णा म्हणत, “डिझेल तर कुठं गळत नाही. मग हवा येते कुठून?” तेव्हा मिस्तरीने जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंत जी लोखंडी नळी असते, तिच्यातून डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. गाडी चालू असताना तिला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तर डिझेल बाहेर येतच नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, नळीवर ओल नाही. पंपाच्या पुढची नळी फुटली तर ती लगेच चुगली करते. तिथे डिझेल दाबाखाली असते. अलीकडची मात्र गप्प राहून आतल्या आत श्वास घेते.

मिस्तरी गाडीखाली शिरला. जिथे क्लिपने नळी चेसिसला आवळली होती, नेमका तिथेच गंज होता. क्लिप आणि नळी यांच्यामध्ये चिखल साचतो, तो कधी वाळत नाही. जी गोष्ट घट्ट धरायची तिथेच कुजणे सुरू व्हावे, हे मला चमत्कारिक वाटले. पण मिस्तरीला त्यात काही नवल नव्हते.

“गुरुजी, आख्खी नळी बदला,” तो म्हणाला. “इथं कापून रबर जोडलं तर दोन हातांवर पुन्हा फुटेल. तांब्याची लवकर वाकते म्हणून काही जण तीच घालतात. पण हादऱ्यानं तांबं ताठतं आणि चिरतं, आन् डिझेलही खराब करतं. लोखंडीच घाला, चांगली घाला.”

अण्णांनी रबर जोडायला सांगितले. गाडी विकायचीच होती.

गिऱ्हाईक यावलकडचा एक तरुण होता. बापाच्या नावावर कर्ज काढून पहिलीच गाडी घेत होता. त्याने टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, रंगावर हात फिरवला. मग चहा घेताना माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, मला यातलं फारसं कळत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे गाडी ठीकच असणार.”

मी बशीतला चहा प्यायलो. बोललो काहीच नाही.

त्या रात्री झोप आली नाही असे मी लिहिले तर ते कादंबरीतले होईल. झोप आली. पण नंतर वकील असलेल्या एका स्नेह्याकडे १८७२ चा करार कायदा चाळताना सतरावे कलम दिसले आणि माझे तोंड उतरले. तिथे घोडा विकणाऱ्याची उदाहरणे आहेत. लिलावात खोडी असलेला घोडा विकला आणि खोडीबद्दल तोंड उघडले नाही, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी स्वतःचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे हे बापाचे काम. आणि तिसरे उदाहरण: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन, विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणे हेच बोलणे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना माझ्या चहाची बशी दिसली होती की काय, कोण जाणे!

हा वाद फार जुना आहे. रोमच्या सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दोन तत्त्वज्ञ, गुरू डायोजिनिस आणि शिष्य अँटिपेटर, घर विकणाऱ्याविषयी भांडतात. लाकूड कुजले आहे हे फक्त मालकाला ठाऊक आहे. गुरू म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. घ्या असा आग्रह कोणी केला होता? शिष्य म्हणतो, वाट चुकणाऱ्याला वाट न दाखवण्याइतकेच हे वाईट. सिसेरो शिष्याच्या बाजूने उतरतो. आपल्याकडे याज्ञवल्क्याने विकत घेतलेली वस्तू पारखायला मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, ओढीच्या जनावराला पाच, लोखंडाला एक. लोखंडाची खोट एका दिवसात कळते, असे त्यांना वाटत असावे. त्यांनी पोटॅशची पोती वाहिली नव्हती.

मी मात्र गुरूचे आणि शिष्याचे दोघांचेही मन राखण्याची युक्ती काढली. गाडी ताब्यात द्यायला आठ दिवस होते. अण्णांना न सांगता माझ्या पैशाने नळी बदलावी, मग सांगायचे काही उरतच नाही! गप्प राहण्याचे पाप गप्प राहूनच फेडायचे. भित्र्या माणसाला असे सज्जनपण फार सोयीचे पडते. आयुष्यात मी ते पुष्कळ वापरले आहे.

मिस्तरीने नळी बदलली. जुनी काढून माझ्या हातात दिली; दोन बोटांनी दाबली तर पापुद्रे सुटले. मग बॅटरीचा उजेड टाकून तो म्हणाला, “आता ही पण बघा, गुरुजी.” शेजारून ब्रेकची नळी गेली होती. त्याच चिखलात, तसल्याच क्लिपांखाली. ती फुटली नव्हती. पण तिच्यावरचे फोड तसेच होते.

तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. इथे माझी युक्ती संपली. डिझेलची नळी फुटली तर गाडी घाटात उभी राहते. ब्रेकची फुटली तर उभी राहत नाही. मी बसने यावलला गेलो आणि त्या मुलाला सगळे सांगितले. रबराचे, नव्या नळीचे, ब्रेकचे, चहाचेसुद्धा. त्याने व्यवहार मोडला नाही. पैसे कमी केले, आणि बरेच कमी केले. निघताना नमस्कार केला, तो आधीसारखा नव्हता. तो पुन्हा मला काही विचारील असे वाटत नाही.

अण्णा एवढेच म्हणाले, “मास्तर, हिस्सा तुझा चार आणे होता. खरं बोललास ते सोळा आण्यांचं.” या वाक्याला मला अजून उत्तर सापडलेले नाही. त्यांची मुलगी त्या वर्षी लग्नाची होती आणि कमी झालेले पैसे तिच्याच लग्नाचे होते. माझा सगळा हिस्सा मी त्यांना सोडला, तरी खड्डा भरला नाही. परक्या मुलाचा जीव आणि घरच्या मुलीचे लग्न यांची तुलना करता येत नाही, हे मला कळते. पण ते कळण्याची किंमत अण्णांनी दिली, मी नाही.

त्या दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचे ताट आले नाही. पुढच्या वर्षी वहिनींनी नातवाच्या हाती पाठवले, वर क्रोशाचा रुमाल झाकून. त्यात अण्णांना आवडतात त्या जाड शेवाही होत्या. ताट परत करायला मी स्वतः गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “बस.” मग बराच वेळ आम्ही दोघे रस्त्याने जाणाऱ्या केळीच्या गाड्या बघत बसलो.