असू दे!

मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचं ठरलं आणि आमच्या घरात दोन पंथ पडले. सौभाग्यवतींचा 'असू दे' आणि माझा 'कशाला?'. दोन रात्रींच्या प्रवासाला तिने छत्री, सुईदोरा, आवळासुपारी आणि उलटीच्या गोळ्यांची दोन पाकिटं काढली. इस्त्रीसुद्धा! पण आगीच्या भीतीने बोटीवर इस्त्री चालत नाही, एवढं एक कलम माझ्या बाजूने लागलं.

"अगं, अपरिग्रह म्हणून काही आहे की नाही?"

"बँकेत बुडीत कर्जाची तरतूद करता ना? मग मी बोटीत बसताना केली तर बिघडलं कुठे?"

मी गप्प. १९१२ साली 'टायटॅनिक'वर माणसं होती २२०० च्या वर आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. तिथेही कुणीतरी 'कशाला?' म्हणालंच असेल.

रात्री मी माझ्या वैराग्याची खातेवही उघडली. माथेरानच्या पावसात छत्री शेजाऱ्यांची. नाशकात साबण साडूंचा. हरिद्वारच्या थंडीत स्वेटर मेव्हण्याचा; तो बिचारा काकडत बसला होता. म्हणजे वैराग्य माझ्या खाती जमा आणि ओझं मात्र दुसऱ्याच्या नावे! अपरिग्रह म्हणजे कमी बाळगणं, की कमी मागणं?

पहाटे उठून मी गोळ्यांचं तिसरं पाकीट गुपचूप बॅगेत सरकवलं. सौ.ने पाहिलंच.

"अहो, हे कुणासाठी?"

"असेल बोटीवर कुणीतरी माझ्यासारखा विरक्त," मी म्हणालो, आणि त्यातल्या त्यात जड बॅग स्वतः उचलली.