समर्पण कुणाला आणि कुठवर?

 

या वेळचा विषय आपल्या तरुण मंडळींनी दिला आहे. प्रश्न असा आला की, गुरूला शरण जा, 'मी' सोडा, शंका घेत बसू नका असं आपण रोज सत्संगात ऐकतो. जर्मनीच्या लोकांनी हिटलरच्या बाबतीत हेच तर केलं. मग फरक काय? काही ज्येष्ठ भगिनींना प्रश्न रुचला नाही. कुठे सद्गुरू आणि कुठे तो राक्षस, असं म्हणून विषय मिटवावा असं त्यांचं मत. पण आम्हा सेवेकऱ्यांना वाटलं की प्रश्न खोडसाळ नाही, मनापासून आहे. आपण टाळला तर मुलं त्याचं उत्तर मोबाईलवर शोधतील, आणि तिथे काय मिळेल ते देवच जाणे.

आधी जर्मनीत घडलं काय ते थोडक्यात पाहू. 'राक्षस' म्हटलं की आपलं काम सोपं होतं. राक्षस वेगळ्या जातीचा असतो, आपला त्याच्याशी संबंध नसतो. तिथे मात्र शिकलेली, देवळात (म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये) जाणारी, लेकरांवर जीव टाकणारी माणसं होती.

पहिलं महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 ला थांबलं आणि जर्मनी हरला. गंमत अशी की युद्ध थांबलं तेव्हा शत्रूचं सैन्य जर्मनीच्या मुख्य भूमीत नव्हतं, आणि वर्तमानपत्रं शेवटपर्यंत आपणच जिंकतोय असं सांगत होती. त्यामुळे हरलो हे लोकांना पटेचना. ज्या सेनापतींनी स्वतःच युद्ध थांबवा म्हणून सरकारला गळ घातली होती, तेच पुढे म्हणू लागले की सैन्य हरलं नाही, घरातल्याच लोकांनी पाठीत खंजीर खुपसला. कुणी? तर समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी. वास्तविक एक लाखाच्या आसपास ज्यू जर्मनीकडून लढले होते आणि त्यातले सुमारे 12,000 रणात पडले होते. पण दुःखाला कारण हवं असतं आणि जवळचं कारण पटकन सापडतं. आपल्याकडेही घरात काही बिनसलं की पहिला संशय सुनेवर जातो, तसंच हे.

मग 1919 चा व्हर्सायचा तह, डोक्यावर दंडाचा बोजा. 1923 मध्ये पैशाची अशी माती झाली की एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क मोजावे लागत. म्हाताऱ्या माणसांची जन्माची पुंजी एका भाकरीची राहिली नाही. पुढे जरा बरे दिवस आले, तेव्हा 1928 च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला तीन टक्केसुद्धा मतं नव्हती. नंतर जगभर मंदी आली, साठ लाखांच्या आसपास लोक बेकार झाले, आणि जुलै 1932 मध्ये त्याच पक्षाला 37 टक्के मतं पडली. बहुमत तेव्हाही नव्हतं. 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला पंतप्रधानपदी बसवलं, कारण आजूबाजूच्या बड्या लोकांना वाटलं, आपण याला हाताशी धरून चालवू. महिन्याभरात संसद जळाली, त्या निमित्ताने नागरिकांचे हक्क गेले. मार्चमध्ये दाखाऊची छळछावणी सुरू झाली, आणि 23 मार्चला संसदेने स्वतःचेच अधिकार कायदा करून त्याच्या हाती दिले. विरोधात फक्त समाजवादी पक्षाची 94 मतं पडली.

आपल्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. 2 ऑगस्ट 1934 ला हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवसापासून सैनिकांना नवी शपथ दिली गेली. ती देशाची नव्हती, राज्यघटनेची नव्हती. देवाला साक्षी ठेवून एका माणसाचं नाव घेऊन, त्याची बिनशर्त आज्ञा पाळीन अशी ती शपथ होती. पुढे कित्येक अधिकाऱ्यांना समोर घोर पाप दिसत असताना त्यांनी हेच सांगितलं की आम्ही शपथेने बांधलेले आहोत. आपल्याला हे परकं वाटू नये. भीष्मांचं दुसरं काय झालं? भर सभेत द्रौपदीने सरळ प्रश्न विचारला, आणि एवढा ज्ञानी माणूस धर्म फार सूक्ष्म आहे म्हणून गप्प राहिला. सिंहासनाशी बांधलेली प्रतिज्ञा आडवी आली. तिथे बोलला कोण, तर विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ! कथाकार बुवा बहुधा विकर्णाला दोन मिनिटांत उरकतात, हे आम्हाला नेहमी खटकतं.

शपथेनंतर काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 1935 मध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्रीत शेकडो प्रार्थनास्थळं पेटवली. 1939 पासून तर अपंग आणि मनोरुग्ण माणसांना 'निरुपयोगी' ठरवून दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून मारलं गेलं, सत्तर हजारांहून जास्त. आणि मग युद्धाच्या आडून साठ लाख ज्यूंची हत्या, त्यांच्यासोबत रोमा लोक आणि इतर कितीतरी. यातलं काहीच एका माणसाने केलं नाही. कुणी यादी केली, कुणी आगगाडीचं वेळापत्रक लावलं, कुणी रिकाम्या झालेल्या घरातली भांडी लिलावात घेतली. या गाड्यांची व्यवस्था पाहणारा आइखमन 1961 मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याचंही म्हणणं हेच होतं की मी हुकूम पाळला, कर्तव्य केलं.

हे फार दूरचं वाटत असेल तर एकदा उटनूर-जैनूर मार्गे मार्लवाईला जाऊन या. 1940 मध्ये जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर गोंडांचं नेमकं दुखणं काय ते पाहायला निजाम सरकारने ज्या हायमेनडॉर्फ साहेबांना आपल्या जिल्ह्यात पाठवलं, ते मूळचे ऑस्ट्रियाचे. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला म्हणून त्यांचा पासपोर्ट जर्मन झाला, आणि युद्ध सुरू होताच इंग्रजांच्या लेखी ते शत्रू ठरले. हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली म्हणून ते इकडे आले. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मार्लवाईतच आहे. बर्लिनमधला निर्णय आपल्या जंगलातल्या गावापर्यंत असा येऊन पोचतो.

आणि आपल्या घरातली गोष्ट तर त्याहून जवळची. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'रझाकारीच्या साली' असा शब्द आहे. अमक्याचा जन्म रझाकारीच्या साली, तमकीचं लग्न रझाकारीच्या आधी. हा रझाकार शब्द मुळात वाईट नाही, बरं का. त्याचा अर्थ स्वयंसेवक, स्वतःच्या इच्छेने सेवा करणारा, म्हणजे आपण ज्याला सेवेकरी म्हणतो तोच. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

देश स्वतंत्र झाला तेव्हा निजाम उस्मान अली खान यांना ना भारतात यायचं होतं, ना पाकिस्तानात. इथे युद्ध हरलेलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता जाणार ही भीती होती. ती भीती कासिम रझवी या लातूरच्या वकिलाने हाताशी धरली. 1946 मध्ये तो इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या शब्दावर हजारो तरुण रझाकार झाले. गावं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले, लोक मुलाबाळांना घेऊन संस्थानाच्या हद्दीबाहेर छावण्यांत गेले. 27 ऑगस्ट 1948 ला बैरानपल्लीत शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. तेलंगणातले कित्येक हिंदू देशमुख-जमीनदारही आपली जमीन वाचावी म्हणून रझाकारांच्या बाजूने होते, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच महिन्यात हैदराबादेत शोएबुल्ला खान यांचा खून झाला. 'इमरोज' या उर्दू पत्राचे ते संपादक, वय तिशीच्या आतलं. संस्थानाने भारतात यावं, रझाकार आपल्याच समाजाचा घात करताहेत, असं ते उघड लिहीत. रात्री घरी जाताना त्यांना गाठून गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. शोएबुल्ला मुसलमान होते. आमच्या हिशेबात विकर्ण तो हाच.

13 सप्टेंबर 1948 ला भारताचं सैन्य संस्थानात शिरलं आणि 17 तारखेला निजामाने शरणागती दिली. दरवर्षी सतरा सप्टेंबरला आपण ही गोष्ट सांगतो आणि इथेच थांबतो. पण गोष्ट इथे थांबत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगाव सूड घेतला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे मुसलमान शेतकरी, विणकर, बायका, पोरं मारली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा अंदाज असा की किमान 27 हजार आणि कदाचित 40 हजार माणसं गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आपल्यापैकी निम्म्या बायकांचं माहेर नांदेड-किनवटकडचं आहे. हा अहवाल कितीतरी दशकं कपाटात पडून राहिला. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून शेजारच्या मुसलमान कुटुंबांना वाचवलं.

हे आम्ही का लिहितो? एकाचं पाप दुसऱ्याच्या पापाने धुऊन काढायला नाही. रझवीचा अपराध त्यामुळे तसूभर कमी होत नाही. पण अर्धी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात राग तेवढा उरतो, आणि जर्मनीतही 1918 नंतर लोकांना अर्धीच गोष्ट सांगितली होती.

आता मूळ प्रश्न. समर्पणात फरक काय?

आम्हाला जेवढं उमगलं ते असं. महाराज 'मी' सोड म्हणतात तेव्हा सोडायचं असतं ते आपलं स्वतःचं, आपला अहंकार, आपला लोभ, आपला राग. पुढारी समर्पण मागतो तेव्हा आपला 'मी' कमी होत नाही, उलट तो फुगतो. तू थोर, तुझं रक्त थोर, तुझ्यावर अन्याय झाला. आणि बळी द्यायचा असतो दुसऱ्याच कुणाचा तरी. पारायणाला बसलेली बाई उठताना शेजारणीशी नरम बोलली तर काहीतरी घडलं म्हणायचं. सभेतून उठलेला माणूस शेजाऱ्याच्या दाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला, तर त्याला भक्ती कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे विचारण्याची मोकळीक. अर्जुनाने सगळी गीता प्रश्न विचारत ऐकली, आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी साक्षात भगवंत त्याला सांगतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. देवाने शपथ घेतली नाही त्याच्याकडून! डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत इशारा दिला होता की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा, ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आम्ही यात एवढंच भीत भीत जोडू की धर्मातली भक्तीसुद्धा डोळे मिटून करायची नसते. गुरू म्हणवणारे सगळेच गुरू नसतात, हे आपण पेपरात वाचतोच. जिथे प्रश्न विचारणाऱ्याला वाळीत टाकतात आणि सोडून जाणाऱ्याला शाप देतात, तिथे फोटो कुणाचाही लावलेला असो, सावध राहावं. हे आपल्या केंद्रालाही लागू आहे.

एवढ्याने प्रश्न पुरता सुटतो असं आमचं म्हणणं नाही. तिसरी भगिनी लगेच विचारील, आत असणाऱ्याला कळणार कसं? म्युनिकच्या सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स आधी हिटलरच्या युवक संघटनेत हौसेने गेले होते. वडिलांना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनी घरात बोलणं चालू ठेवलं. पुढे याच भावंडांनी मित्रांसोबत गुपचूप पत्रकं छापून वाटली. 18 फेब्रुवारी 1943 ला विद्यापीठात पकडले गेले आणि चारच दिवसांनी शिरच्छेद. सोफी 21 वर्षांची होती. तिला कसं कळलं, आणि तिच्या वर्गातल्या शेकडो मुलींना का नाही, याचं नेमकं उत्तर आमच्याकडे नाही. एवढं दिसतं की त्या घरात जेवताना प्रश्न विचारायला बंदी नव्हती.

त्यांना एकेक पत्रक हाताने फिरवावं लागलं. आपल्याला अंगठ्याचं काम. हिटलरच्या सरकारने 1933 मध्ये स्वस्त रेडिओ काढला, घराघरात एकच आवाज पोचावा म्हणून. आपल्या खिशात त्याहून मोठा रेडिओ आहे. म्हणून ग्रुपचा नियम पुन्हा सांगतो. एखाद्या समाजाला किडा, साप, वाळवी म्हणणारा मेसेज आपल्या कोणत्याही परिवार ग्रुपवर टाकायचा नाही, खाली 'जय गुरुदेव' लिहिलेलं असलं तरी. कुणी टाकलाच तर ग्रुपवर भांडू नका, त्या व्यक्तीला फोन करा.

सतरा सप्टेंबरचा सत्संग नेहमीच्या वेळी होईल. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसं आहेत त्यांनी त्यांना जरूर आणावं. गुडघ्यांमुळे येणं जमत नसेल तर आम्ही दोघी-तिघी वही घेऊन घरी येऊ. सतराच्या आधीचं जे आठवतं ते सांगा, आणि सतराच्या नंतरचंही. नावं छापणार नाही. प्रसादाला पुरणपोळी आहे, डाळ-गूळ आठवड्याआधी केंद्रावर पोचवावा.