दादरच्या पुलावर



संत पेत्राने प्रभूला नाकारले ती रात्र आठवली की आपल्याला कोंबडा आठवतो. पण तेथे उभ्या असलेल्या लोकांनी पेत्राला ओळखले ते त्याच्या बोलीवरून, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (26:73). गालिलातला हा कोळी यरुशलेमच्या माणसांत मिसळून बसला होता. तोंड उघडले आणि गाव कळले!

हा उतारा वाचताना मला दादर स्टेशन आठवते. वसईहून मुंबईच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा वर्गात एकदा माझ्या उच्चारावर हशा झाला. तेवढे पुरले. आपली कादोडी मी गाडीत चढण्यापूर्वीच गिळू लागलो. एके दिवशी मित्रांबरोबर पूल उतरत होतो. समोरून आई आली. लाल लुगडे, डोक्यावर रिकामी पाटी. भाजी विकून परतत होती. तिने आपल्या बोलीत मला हाक मारली, साऱ्या पुलाला ऐकू जाईल अशी. मित्राने विचारले, "कोण रे?" मी म्हणालो, "आमच्या गावची आहे एक." आणि पुढे चालू लागलो. हे काही खोटे नव्हते, अशी मी पुष्कळ वर्षे स्वतःची समजूत घातली.

पेत्राचीही खोड एका रात्रीत गेली नाही. पवित्र आत्मा मिळाल्यानंतरची गोष्ट आहे. अंत्युखियात तो बिगर यहुदी ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडून काही मंडळी आली आणि त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून दूर झाला. त्याच्यामागे इतर यहुदी ख्रिस्ती गेले, बार्नबासारखा भला माणूसही वाहवला. संत पौलाने पेत्राला सर्वांसमोर सुनावले (गलती. 2:11-14). मला मात्र पंगतीत मागे उरलेली माणसे दिसतात. कालपर्यंत शेजारी बसून जेवणारा आज ओळख दाखवत नाही. चार लोकांत आपण सामावलो, त्याची किंमत त्यांनी मोजली. ऑफिसात आदिवासी बांधवांवर विनोद होतो तेव्हा आपणही हसतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अमक्या जातीला खोली द्यायची नाही असे ठरते, तेव्हा आपण खाली पाहतो. आपले काहीच जात नाही ना!

पुनरुत्थित प्रभू पेत्राला भेटला तोही निखाऱ्यांपाशी. आधी त्याने भाकर-मासळी वाढली, प्रश्न नंतर विचारला.

त्या संध्याकाळी आईने मला काहीच विचारले नाही. जेवण वाढले. मग फडक्यात बांधलेली सुकेळी पुढे ठेवली. "तुझ्या मित्रांसाठी ठेवली होती. दादरला द्यायची राहिली. उद्या ने."

नेली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. पुलावरची ती बाई माझी आई, हे सांगायला मात्र मला आणखी चार दिवस लागले.