तूर्तास मूलद्रव्य
गॅडोलिनियम या मूलद्रव्याला योहान गॅडोलिन यांचं नाव आहे, पण ते त्यांनी शोधलेलं नाही. गॅडोलिन वारले 1852 मध्ये आणि या मूलद्रव्याची पहिली चाहूल लागली ती 1880 मध्ये. तरीही मला या नावाइतकं योग्य नाव दुसरं दिसत नाही.

स्टॉकहोमजवळच्या इट्टरबी गावच्या खाणीत 1787 मध्ये कार्ल आक्सेल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड, काळा दगड सापडला. तो पोचला फिनलंडमधल्या तुर्कूला, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गॅडोलिन यांच्याकडे. 1794 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: दगडाचा सुमारे 38 टक्के भाग ही एक नवी 'मृदा' आहे. आगीला आणि पाण्याला दाद न देणाऱ्या पांढऱ्या भुकटीला त्या काळी मृदा म्हणत.

त्याआधी पाचच वर्षं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने मूलद्रव्याची व्याख्या केली होती: ज्याचं विघटन आपल्याला अजून करता आलेलं नाही, ते मूलद्रव्य. या व्याख्येतला 'अजून' मला फार मोलाचा वाटतो. चुना, अॅल्युमिना या मृदा लाव्हाझिएने मूलद्रव्यांच्या यादीत घातल्या खऱ्या, पण त्या धातूंच्या भस्मांसारख्या असाव्यात हा संशयही त्यानेच बोलून दाखवला. 1808 मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळं करून तो संशय खरा ठरवला. गॅडोलिन लाव्हाझिएच्या याच नव्या रसायनशास्त्राचे पाईक. 1798 मध्ये त्यांनी स्वीडिशमध्ये त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं.

त्यांची मृदाही एकसंध निघाली नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडरने 1843 मध्ये तिच्यातून तीन मृदा वेगळ्या केल्या आणि पुढे त्यांचेही भाग पडत गेले. या मृदांमधल्या धातूंच्या अणूंची बाहेरची ठेवण जवळजवळ सारखी, फरक आतल्या कवचात. त्यामुळे रासायनिक वागणूकही सारखी. शेकडो वेळा स्फटिक पाडायचे, पुन्हा विरघळवायचे, तेव्हा कुठे एक दुसऱ्यापासून सुटे. कितीतरी 'नवी मूलद्रव्यं' जाहीर झाली आणि मिश्रणं ठरून बाद झाली. या चुकांना हसणं मला अन्यायाचं वाटतं. मिश्रण कुठे संपतं आणि मूलद्रव्य कुठे सुरू होतं, हे सांगणारी खूणच तेव्हा कुणाच्या हाती नव्हती.

1880 मध्ये जिनिव्हाच्या मारिन्याक यांना समार्स्काइट या दुसऱ्याच खनिजात एक नवी मृदा दिसली. 1886 मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांनीही ती वेगळी केली आणि मारिन्याक यांच्या संमतीने तिच्या धातूला गॅडोलिनियम हे नाव मिळालं.

ती खूण सापडली 1913-14 मध्ये. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने क्ष-किरणांच्या वर्णपटावरून मूलद्रव्याचा क्रमांक ठरवता येतो हे दाखवलं. तो म्हणजे अणुकेंद्रावरचा विद्युतभार. गॅडोलिनियमचा क्रमांक 64. कुठले क्रमांक अजून रिकामे आहेत, तेही आता मोजता येऊ लागलं. मूलद्रव्य कोणतं, हे आपल्याला काय जमतं यावर अवलंबून राहिलं नाही. लाव्हाझिएचा 'अजून' तिथे संपला.

आज एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टमध्ये बहुधा हेच गॅडोलिनियम असतं, विषारी ठरू नये म्हणून मोठ्या रेणूत घट्ट बांधलेलं. गॅडोलिन यांनी ते कधी ओळखलं नाही. पण इट्टरबीच्या त्या खनिजात ते थोडंसं असतंच. त्यांनी तोललेल्या 38 टक्क्यांत तेही होतं.