पुढचं पान न दिसणारा माणूस

चरित्र हातात घेतलंत, तरी लगेच वाचायला लागू नका. आधी पुस्तक पालथं करा आणि मलपृष्ठावरचं सगळं घटकाभर विसरून जा. आज धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ घेऊ. 1958 सालचं भारतरत्न, महर्षी ही उपाधी, शंभरी ओलांडलेलं आयुष्य, सगळं बाजूला राहू द्या. महिला विद्यापीठसुद्धा. (ते निघालं 1916 मध्ये आणि हे पुस्तक 1915 चं. म्हणजे लिहिणाऱ्यालाही ते अजून दिसलेलं नव्हतं!)

श्वास संथ होऊ द्या. आता कोकणातल्या मुरूडला या. अंगाने किरकोळ असा एक मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला आहे. पायी. दिवस पावसाचे आहेत, मध्ये सह्याद्री उभा आहे. चरित्रात ही वाट झटकन सरते, तुम्ही ती सरू देऊ नका. ओल्या धोतराचा काठ पोटऱ्यांना चिकटतोय, घाटात धुकं आहे, वेळेत पोहोचू की नाही याचा घोर आहे. चालताना मनातल्या मनात तो कशाची उजळणी करत असेल? गणिताची असावी. पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी तोच विषय शिकवला... पण पाहा, लगेच पुढचं आठवलं. मागे या.

साताऱ्यात तो परीक्षा घेणाऱ्यांपुढे उभा राहतो. वयाची अट सतरा वर्षांची. ते त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि सांगतात, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसू देत नाहीत. झालं. आता तेवढीच वाट उलटी तुडवायची.

इथे बोट घालून पुस्तक मिटा.

‘असू दे, पुढे हाच महर्षी होणार आहे,’ असं मन म्हणेल. हा दिलासा आपल्यापुरता आहे. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच, की घरी जाऊन सांगायचं काय. पाळण्यातच पाय दिसलेल्या थोरांची चरित्रं मला कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत असा रिकाम्या हाताने परतणारा माणूस भेटत नाही. पुढचं पान न दिसणारे दिवस आपण रोज काढतो. तसेच दिवस त्यानेही काढले, हे वाचताना जीव गुंततो.

थोडं थांबून आणखी एक पुस्तक जवळ ओढा, ‘माझे पुराण’. हे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं, म्हणजे बाया कर्वे यांचं. 1893 मध्ये कर्व्यांनी या विधवेशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पुढे विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. आधी त्यांच्या बाजूने बघा: आश्रमातल्या मुलींच्या जेवणाची, शिक्षणाची सोय व्हायला हवी. मग बायांच्या बाजूने बघा: पदरात मुलं आहेत, उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर चूल कशावर पेटायची? निवाडा करायची घाई नको. दोघांचं म्हणणं मनात शेजारी शेजारी बसू द्या, आणि मगच ‘आत्मवृत्त’चं पान उलटा.