शिक्षा भोगून झाल्यावर

सरकारी नोकरीत निवड झाली की उमेदवाराला साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. आपल्याला कधी अटक झाली होती का, आपल्यावर खटला चालला होता का, दंड किंवा शिक्षा झाली होती का, असे प्रश्न त्यात ओळीने येतात. किती वर्षांपूर्वीपर्यंतचं सांगायचं, याला मर्यादा नाही. विसाव्या वर्षी गल्लीतल्या मारामारीत दंड भरलेल्या माणसाने तिशीत इथे काय लिहावं? खरं लिहिलं तर चारित्र्य पडताळणीत घोडं अडू शकतं. खोटं लिहिलं तर माहिती दडवली म्हणून पुढे केव्हाही नोकरी जाऊ शकते. तुम्ही म्हणाल, यात पेच कसला? गुन्हा केला होता ना, मग खरं लिहावं आणि होईल ते सोसावं. पण त्या गुन्ह्याची किंमत न्यायाधीशाने ठरवली होती आणि ती त्याने चुकती केली आहे. दंडाला रक्कम असते, साध्या कैदेला मुदत असते. नोंदीमुळे जे सोसावं लागतं ते कोणत्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं आणि कधी संपणार हेही कोणी सांगत नाही. म्हणून ठरावीक काळ नवा गुन्हा न करता गेला, तर किरकोळ गुन्ह्याची नोंद कायद्याने पुसली जावी, असं माझं ठाम मत आहे.

"पण घडलेलं पुसायचं म्हणजे सरकारनेच खोटं बोलायला परवानगी द्यायची!" हा आक्षेप नैतिक आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं. नोंद पुसल्याने घडलेलं बदलत नाही. ज्याला मार बसला त्याची आठवण त्याच्याकडेच राहते, आणि पुन्हा गुन्हा घडलाच तर न्यायालयाला जुना निकाल पाहता येईल अशी सोय कायद्यात ठेवता येते. काढून घ्यायचा आहे तो प्रत्येक मालकाचा आणि प्रत्येक कार्यालयाचा विचारण्याचा हक्क. आपल्या कायद्याने हे तत्त्व मुलांपुरतं मान्य केलेलंच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 दोषी ठरलेल्या मुलाची अपात्रता काढून घेतं आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करायला सांगतं. सोळा वर्षांवरच्या मुलांचे अतिगंभीर गुन्हे तेवढे वगळले आहेत. अठरा पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी जे पुसता येतं, ते दुसऱ्या दिवशी जन्मभराचं का व्हावं? प्रौढांसाठी शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, पण त्यातही अपात्रता टळते, दोषसिद्धी कायम राहते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराला तरुणपणीचं मिटलेलं मारामारीचं प्रकरण अर्जात न सांगितल्याबद्दल माफ केलं. निकालात ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' कादंबरीतल्या, पाव चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेल्या ज्याँ वालज्याँचा दाखलाही दिला. याच न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतरही अशी क्षुल्लक बाब दडवल्याबद्दल क्षमा करायची की नाही, हे नेमणूक करणाऱ्याच्या विवेकावरच आहे. क्षमा हा हक्क नसेल तर ती नशिबावर जाते.

मालकाच्या बाजूने बोलणारा सुरक्षेचा प्रश्न काढेल, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अशा नोंदी पुसून मिळालेल्या लोकांचा अभ्यास प्रेस्कॉट आणि स्टार या दोन कायदेतज्ज्ञांनी 2020 साली प्रसिद्ध केला. या लोकांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण फार कमी आढळलं आणि वर्षभरात त्यांची मजुरी 22 टक्क्यांहून अधिक वाढली. यावरून नोंद पुसली की माणूस सुधारतो, असं सिद्ध होत नाही. हे लोक आधीच पाच वर्षं नीट राहिलेले होते. पण नेमकी तीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते: काळाने त्यांची परीक्षा घेतली होती, तरी नोंद त्यांना मागे खेचत होती. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. पात्र असलेल्यांपैकी जेमतेम 6.5 टक्के लोकांनाच पाच वर्षांत हा लाभ मिळाला. अर्ज, वकील, खर्च, तारखा, आणि मुळात असा कायदा आहे हेच ठाऊक नसणं. गरज सर्वांत जास्त असते तोच इथे गळतो.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. नोंद दिसेनाशी झाली की मालक अंदाज बांधू लागतो. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात अर्जातून गुन्ह्याचा प्रश्न काढल्यावर गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांना येणाऱ्या बोलावण्यांतली तफावत 7 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेल्याचं एका प्रयोगात दिसलं. आपल्याकडे असा अंदाज कोणावर बांधला जाईल, हे सांगायला नको. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 1952 साली त्या कायद्यातून सुटल्या, तरी चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावर जातो. हा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. मात्र या संशयाला कधी नोंदीची गरज लागली नव्हती. कोरी पाटी असलेल्या पारधी मुलालाही तो भोवतो. जातीवरून संशय घेणाऱ्यावर कारवाई व्हायला हवी. त्याऐवजी दुसऱ्या कोणाला जुनी नोंद जन्मभर वाहायला लावणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

मिशिगनने एप्रिल 2023 पासून अनेक नोंदी अर्जाविना आपोआप पुसायला सुरुवात केली आहे: बरेच किरकोळ गुन्हे सात वर्षांनी, काही गंभीर गुन्हे दहा वर्षांनी. लैंगिक अत्याचार आणि हिंसेचे मोठे गुन्हे वगळून आपल्या संसदेनेही असा कायदा करावा. आणि तो होईपर्यंत राज्य सरकारने निदान साक्षांकन नमुन्यातल्या त्या प्रश्नांना वर्षांची मर्यादा घालावी.