वाडा आणि निवाडा

हरवलेली वस्तू शोधण्याच्या बाबतीत माणसांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाची माणसं ती वस्तू शोधतात. दुसऱ्या पंथाची माणसं बायकोला विचारतात. मी पहिल्यापासून दुसऱ्या पंथाचा. (लग्नापूर्वी आईला विचारत असे, एवढाच फरक.) चष्मा, किल्ल्या, विजेचं बिल, सगळं सौभाग्यवतींकडे चौकशी केली की मिळतं. वीस वर्षांपूर्वी मी काय बोललो होतो, हे तर तिला न शोधताच सापडतं.

पण गेल्या गणपतीत एक गोष्ट अशी हरवली की तिच्याबद्दल हिलाही विचारायची सोय नव्हती. आमचा वाडा कोणी विकला, ही ती गोष्ट.

वाईजवळच्या एका गावात आमचा वाडा होता. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बुरूज, दिंडीदरवाजा, दारात हत्ती वगैरे उभे राहिले असतील तर त्यांना कृपा करून परत पाठवा. एक चौक, एक अंधारं माजघर आणि पावसाळ्यात अठरा ठिकाणी गळणारं छप्पर, एवढीच आमची दौलत. दादा गावी राहून तो वाडा सांभाळत होता आणि मी पुण्यात राहून त्याच्याबद्दल हळवा होत होतो. २००४ साली तो विकला गेला. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलो आहे, की ‘दादानं वाडा विकला.’ हे सांगताना मी आवाज थोडा घोगरा करतो. गणपतीत मोदकांनंतर चारचौघांत मी तो घोगरा आवाज काढला, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “विकायला तूच सांगितलं होतंस.”

“मी? शक्यच नाही! माझ्याकडे सगळ्या पत्रांच्या प्रती आहेत. काढून दाखवू?”

“दाखव,” दादा म्हणाला आणि त्यानं आणखी एक मोदक घेतला.

मी जन्मभर बँकेत नोकरी केलेला माणूस. प्रत ठेवल्याशिवाय मी वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दिलेल्या नाहीत. १९९८ साली घरी संगणक आला तेव्हापासून मी पत्रं त्यावर टाइप करायची, छापून पोस्टात टाकायची आणि मूळ फाइल जपून ठेवायची असा नेम ठेवला आहे. शिवाय रोजनिशी आहे. आता फक्त त्या ढिगात शिरून दादाला गप्प करणारी ओळ तेवढी काढायची होती.

पुण्याला परतल्यावर भाच्याला बोलावलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. या खटल्यात इतका नि:पक्षपाती माणूस दुसरा मिळाला नसता, कारण वादी आणि प्रतिवादी दोघंही त्याचे मामाच. त्यातला कोणता मामा बनणार, एवढंच ठरायचं होतं.

त्यानं माझी सगळी पत्रं आणि रोजनिशी साध्या मजकुराच्या फायलींत उतरवली, एकूण ७१२, आणि संगणकावर ईमॅक्स नावाचा टेक्स्ट एडिटर बसवून दिला. हा प्राणी १९७६ साली अमेरिकेत एमआयटीत जन्मला. त्याचा आजचा अवतार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली लोकांच्या हाती दिला. दिसायला अगदीच सोवळा. साध्या मजकुराच्या फाइलीत ठळक अक्षर, रंगीत समास, फुलांची चौकट असले नखरे तो साठवत नाही. पण त्याला एक शब्द सांगा आणि एक कपाट दाखवा. तो त्या कपाटातली प्रत्येक फाइल वाचून काढतो आणि पडद्याच्या एका भागात यादी लावतो: फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ. यादीतल्या ओळीवर बोट ठेवून एंटर दाबलं की ते पत्र नेमकं त्याच ओळीपाशी उघडतं. बँकेत रेकॉर्ड रूममधून एक जुनं व्हाउचर काढायचं तर शिपाई दुपारी आत जायचा आणि अंगभर धूळ घेऊन संध्याकाळी हात हलवत बाहेर यायचा. ते आठवून मला गहिवरून आलं.

या शोधामागं जे यंत्र चालतं त्याचं नाव ग्रेप. त्याची जन्मकथा भाच्यानं सांगितली, ती मला फार आवडली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन नावाचे गृहस्थ एका जुन्या वादात शिरले होते. अमेरिकेची राज्यघटना लोकांना पटवून देण्यासाठी १७८७-८८ साली ८५ लेख एकाच टोपणनावानं छापले गेले. लिहिणारे तिघं. पुढं त्यातल्या १२ लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांच्याही बाजूंनी हक्क सांगितला गेला. शब्द तपासून खरा लेखक ओळखावा, असा मॅकमॅहन यांचा बेत. पण एवढा मजकूर त्या वेळच्या ‘एड’ नावाच्या एडिटरच्या पोटात मावेना. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधण्याचा भाग वेगळा काढून त्याचाच स्वतंत्र प्रोग्रॅम केला. ही १९७३ सालची गोष्ट. ती त्यांचे सहकारी ब्रायन कर्निघन यांनी सांगून ठेवली आहे.

म्हणजे बघा, या यंत्राचा जन्मच मुळी ‘हे नक्की कोणाचं?’ या भांडणातून झालेला. फरक इतकाच, की तिकडे दोन्ही पक्ष म्हणत होते ‘आमचंच’, आणि आमच्या घरी दोघंही म्हणत होतो ‘माझं नव्हे’.

मी ‘वाडा’ हा शब्द दिला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ६३ ओळी हजर! पण त्यांत आमचा वाडा कमी आणि बाकीचा महाराष्ट्रच जास्त. ‘मराठवाडा’ आला, ‘शनिवारवाडा’ आला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला ‘पोवाडा’ आला. आणि सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणातला ‘निवाडा’ही आला. निवाड्याच्या पोटात वाडा असतो, हे इतकी वर्षं मराठी बोलून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हा सगळा गोतावळा बाजूला सारल्यावर मात्र जे हाती लागलं ते पाहून मी खुर्चीतच ताठ झालो. ‘दादानं वाडा विकला.’ ही ओळ माझ्या रोजनिशीत ११ वेळा होती! २००९, २०१२, २०१७... तारीखवार. ‘तू वाडा विक’ असं दादाला लिहिलेलं पत्र एकही नाही. मी भाच्याला म्हटलं, “काढ याची प्रिंट.”

“मामा,” तो म्हणाला, “हे अकरा साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार अकरा वेळा बोललाय.”

आजकालच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं हे कळत नाही. पण तो तिथंही थांबला नाही. “आणि तू वाडा शोधलास. वाड्यात, वाड्याचं, वाड्याला, हे कुठं शोधलंस? त्याला मराठीचं सामान्यरूप कळत नाही. तू देशील तेवढंच अक्षर तो बघतो.”

मी म्हटलं, “मग नुसतं ‘वाड’ दे.” दिलं. तर यादीत वाडगा आला, वाडवडील आले, सावंतवाडी आली आणि आमच्या सोसायटीतले तिन्ही गायकवाड आले.

“अजून एक आहे,” भाचा म्हणाला. “तुझी २००६ च्या आधीची पत्रं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ती दिसायची मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांनी मराठीचा वेश घेतलेला. या शोधात ती आलेलीच नाहीत. युनिकोडमध्ये बदलून घ्यायला अर्धा तास लागेल. बदलू का?”

आता खरं सांगतो. या प्रश्नावर मी ‘आधी चहा घेऊ’ असं म्हणालो.

चहा घेताना मी विचार केला. मला हवं ते तर सापडलं होतं. इथंच थांबलो असतो तर मी खोटं बोललो असतो का? एकही खोटा शब्द माझ्या तोंडून गेला नसता. ‘सगळी पत्रं संगणकानं तपासली, तसं काही आढळलं नाही’ हे मी दादाला सांगू शकत होतो, आणि वर यंत्राचं प्रमाणपत्र! तुम्ही म्हणाल, हा शुद्ध लबाडपणा. पण मला सांगा, आपण सगळे दुसरं काय करतो? पेपरातलं राशिभविष्य चांगलं निघालं तर आपण तो पेपर घडी घालून ठेवतो. वाईट निघालं तर शेजाऱ्याचा पेपर मागवतो. डॉक्टरनं ‘काही नाही’ म्हटलं तर तो डॉक्टर हुशार. ‘गोड बंद’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता शोधायला लागतो. हवं ते सापडलं की शोध संपतो आणि नको ते सापडलं की तो सुरू होतो. शोध कुठं थांबवायचा हे यंत्र ठरवत नाही. तिथं आपण एकटे असतो, आणि समोर थंड होत चाललेला चहा.

मला वाटतं, मी दादाला भ्यायलो असतो तर थांबलो असतो. पण समोर पंचविशीतला भाचा बसला होता, आणि तो माझ्याकडे अजून मामा म्हणून बघत होता. मी म्हटलं, “बदल.”

जुनी पत्रं बदलून झाल्यावर ‘वाड्या’ हा शब्द दिला. जुन्या पत्रांतल्या नऊ ओळी आल्या. ईमॅक्समध्ये यादीतल्या पुढच्या ओळीवर जायची जी आज्ञा आहे, तिचं नाव ‘नेक्स्ट-एरर’. पुढची चूक! मुळात ही सोय प्रोग्रॅममधल्या चुका एकामागून एक दाखवण्यासाठी केलेली. पुढं शोधाच्या यादीलाही तीच जुंपली, असं भाच्यानं सांगितलं. मी एकेक चूक पुढं जात राहिलो. वाड्यातला पारिजातक, वाड्याची घरपट्टी, वाड्यात निघालेला साप. आणि आठव्या चुकीला, जून २००३ च्या पत्रात:

‘वाड्याचं आता तूच काय ते बघ.’

ओळ तशी निरुपद्रवी. यादीत एवढीच दिसत होती. एंटर दाबलं, पत्र उघडलं आणि तिची शेजारीण दिसली. ‘छपरासाठी यापुढं पैसे पाठवणं मला जमणार नाही. हप्ते चालू आहेत. इतक्या लांबून मी काय करू शकणार?’

तुम्ही नीट पाहिलंत? ‘विक’ हा शब्द मी कुठंही लिहिलेला नाही. त्या पत्रात ‘विक’ शोधलं तर यंत्र सांगतं, एकही ओळ जुळली नाही. अक्षरं मोजली तर मी धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. पण गळकं छप्पर, एकटा भाऊ आणि वर हे पत्र, एवढं वाचल्यावर वाडा कोणी विकला हे सांगायला यंत्र कशाला हवं? शब्द कुठं आहे ते त्यानं चोख दाखवलं. पण न लिहिलेला शब्द कुठं आहे, हे माझं मलाच वाचावं लागलं. वाडा त्यानं शोधून दिला. निवाडा माझ्याकडेच ठेवला.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, “दादा, ते पत्र सापडलं.”

“जून महिन्यातलं ना? ते आहे माझ्याकडे. आईच्या पोथीच्या फडक्यात ठेवलंय.”

“तुझ्याकडे आहे? मग गणपतीत सगळ्यांसमोर काढून का नाही दाखवलंस?”

“दाखवून काय करायचं होतं? तुझे तेव्हा घराचे हप्ते चालू होते, पोरीच्या फिया होत्या. मला का ठाऊक नव्हतं? मलाही तो सांभाळवत नव्हताच. फक्त तू सगळ्यांना सांगत सुटायचास ना, त्याचं...” एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, “जाऊ दे. मोदक शिल्लक आहेत, वहिनीनं तळून ठेवलेत. येऊन जा.”

वीस वर्षं! एक भाऊ ७१२ फायली बाळगून बसलेला आणि आत काय आहे याचा त्याला पत्ता नाही. दुसऱ्याकडे एकच कागद. तो कुठं आहे हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं, आणि त्यानं तो कधी बाहेर काढला नाही.

झोप येईना. उठून संगणक लावला आणि आता मी स्वतः, भाच्याच्या मदतीशिवाय, ‘क्षम’ हा शब्द दिला. म्हटलं, दादाला कधीतरी क्षमा कर असं लिहिलं असेलच की! ४८ ओळी आल्या. त्यातल्या ३४ ओळींत बँकेची ‘कार्यक्षमता’ होती. उरलेल्या १४ ओळींत ‘क्षमस्व’ होतं. मी आशेनं एकेक उघडली. चौदाही पत्रं सोसायटीच्या सेक्रेटरीला, मेंटेनन्सचा चेक उशिरा दिल्याबद्दल.

मी नवी फाइल उघडली आणि वर लिहिलं, ‘ती. दादास सा. न. वि. वि.’ पत्र चारच ओळींचं झालं. सकाळी छापून पोस्टात टाकलं. प्रत अर्थातच ठेवली आहे.

आता शोधलं तर ४९ सापडतात.